सलाम, हॅलो आणि इजाजत

मोबाईलने अदब घालवली, ही तक्रार आमच्या नायगावात आता इतकी जुनी झाली आहे की ती करणारेही कानाला फोन लावूनच करतात. मशिदीच्या ओट्यावर असर आणि मगरिबच्या मधल्या वेळात बसणारी वडीलधारी मंडळी, निवृत्त मास्तर, हॉटेलवाले, एसटीचे जुने वाहक, सगळ्यांचे यावर एकमत आहे. पोरे सलाम विसरली, वडिलांसमोर फोनवर मोठमोठ्याने बोलतात, पाहुणा समोर बसलेला असताना मान खाली घालून बोट फिरवत राहतात. तक्रार खोटी नाही. पण जी अदब गेली म्हणतो ती नेमकी कोणती होती, कधी आली, कोणी पाळली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे तपासल्याशिवाय ती गेली म्हणण्यात फारसा अर्थ नाही. म्हणून आम्ही या तक्रारीचा थोडा माग काढायचे ठरवले.

नांदेडहून देगलूरमार्गे हैदराबादकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आमचे हे बाजाराचे गाव. पूर्वी बिलोली तालुक्यात होते, आता स्वतःच तालुका आहे. घरात दखनी, बाजारात आणि कचेरीत मराठी, लग्नाच्या रुक्क्यावर उर्दू आणि सीमेकडच्या पाहुण्यांशी चार शब्द तेलुगूचे. अशा गावात शिष्टाचार एका भाषेचा कधीच नव्हता. कोणाला कोणत्या भाषेत, काय म्हणून हाक मारायची याचे भान लहानपणीच यावे लागे. मौलवीसाहेबांना सलाम, पाटलांना रामराम, बौद्धवाड्यातल्या मास्तरांना जय भीम, आणि तोच माणूस दिवसातून दहा वेळा हे बदलत असे. त्यात कोणाला काही विशेष वाटत नसे.

१७ सप्टेंबर १९४८ पूर्वी नांदेड जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे टपालखाते स्वतःचे होते. निजामाच्या जुन्या टपालतिकिटांवर किंमत उर्दू, मराठी, तेलुगू आणि इंग्रजी अशा चार लिपींत छापलेली आढळते. मराठवाड्यातल्या माणसाच्या पत्रव्यवहाराचे याहून नेमके चित्र दुसरे नसेल. पत्र लिहिणे तेव्हा शिकावे लागे. उर्दूत त्याला अलकाब-ओ-आदाब म्हणत. वडिलांना कोणते संबोधन, उस्तादांना कोणते, धाकट्या भावाला कोणते, हे ठरलेले असे. मराठी शाळेत त्यालाच मायना म्हणत आणि तो न चुकता परीक्षेत येई. तीर्थरूप, चिरंजीव, सप्रेम नमस्कार वि. वि. आमच्या मागच्या पिढीतला मुलगा एकाच दौतीतून दोन्ही लिही. मामूंना लिहिताना वर ७८६ घाली, हेडमास्तरांना लिहिताना सा. न. वि. वि. मजकूर दोन ओळींचा आणि आदाब सहा ओळींचे, अशीही पत्रे असत.

इथे एक आठवण ठेवायला हवी. हे लांबलचक अलकाब टाकून देऊन पत्र बोलण्याजवळ आणले ते मिर्झा गालिबने, आणि तेही एकोणिसाव्या शतकात. गालिबची पत्रे आज उर्दू गद्याचा नमुना म्हणून शिकवली जातात. म्हणजे आदाब आखूड केल्याने तहजीब बुडतेच असे नाही. बुडवणारा कोण आहे, यावर ते बरेच अवलंबून असते.

पत्राची अदब मोठी, पण पत्रात आडोसा नव्हता. पोस्टकार्ड पोस्टमन वाचे, ज्याच्याकडून वाचून घ्यायचे तो वाचे, आणि संध्याकाळपर्यंत गल्लीला ठाऊक होई. सासरी गेलेली मुलगी आईला लिही ते सासऱ्याकडून किंवा दिराकडून लिहवून घेऊन. त्यात ती काय लिहवणार? सगळे खैरियत आहे, तुमची खैरियत अल्लाकडे चाहते. तार मात्र न वाचताच कळे. तारवाला दारात दिसला की घरात रडणे सुरू होई, मग कोणी तरी इंग्रजी जाणणारा शोधून आणायचा. देशातली तारसेवा १४ जुलै २०१३ च्या रात्री कायमची बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले. आमच्याकडे मात्र तारेबद्दल हळवे होणारा माणूस मिळणे कठीण.

फोन आला तो आपल्या घरी आला नाही, दुसऱ्याच्या घरी आला. हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ज्याला आज आपण फोनची जुनी अदब म्हणतो ती जवळजवळ सगळी या एका गोष्टीतून निघाली आहे. गावात फोन असायचे डॉक्टरकडे, अडत्याकडे, एखाद्या पुढाऱ्याकडे. बाकीच्यांचा तो पीपी नंबर. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर नंबर लिहून पुढे कंसात पी. पी. लिहिण्याची पद्धत आजच्या मुलांना समजावून सांगावी लागते. ट्रंक कॉलच्या काळात विशिष्ट माणसालाच बोलवा म्हणून जो कॉल लावत, त्याचे हे इंग्रजी आद्याक्षर. मागून त्याचा अर्थ शेजारचा फोन असा झाला.

शेजारच्या फोनवर बोलायला जायचे म्हणजे आधी चप्पल बाहेर काढायची, सलाम किंवा नमस्कार करायचा, घरच्यांची विचारपूस करायची, आणि मग बोलायचे तेही आटोपशीर. जेवणाच्या वेळी कोणी फोन करू नये, रात्री दहानंतर करू नये, फोनवाल्याला पुन्हा पुन्हा हाक मारायला लावू नये, हे सगळ्यांना कळत होते. ईदला त्या घरी शीरखुर्म्याचा डबा आठवणीने जाई. फोनवाल्याचीही एक खानदानी रीत होती. पोरगा पाठवून शेजाऱ्याला बोलावून आणायचे आणि तो बोलत असताना आपण उठून आत जायचे. सगळेच जात असे नाही. जे बसून राहत त्यांची नावे गावाला माहीत होती.

पण या सुंदर चित्रात एक बाजू रिकामी आहे. फोन मर्दान्यात होता. अडत्याच्या गादीवर किंवा डॉक्टरच्या दिवाणखान्यात बाई कशी जाणार? तिचा निरोप घरातला पुरुष घेऊन जाई आणि उत्तरही तोच घेऊन येई. बाळंतपण, दुखणे, मारहाण, माहेरची ओढ, सगळे पुरुषाच्या तोंडून जायचे आणि वाटेत त्याला जे सांगण्याजोगे वाटे तेवढेच पोहोचायचे. अदब होती हे खरे. ती ज्यांना पाळता आली त्यांची होती, हेही तितकेच खरे.

१९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली. सॅम पित्रोदांच्या पुढाकाराने धूळ, उकाडा आणि वीजकपात सोसतील अशी छोटी ग्रामीण एक्स्चेंजेस देशातच बनू लागली आणि त्यापाठोपाठ पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ तालुक्यातालुक्यांत उभे राहिले. बूथ देताना अपंगांना प्राधान्य असे, त्यामुळे आमच्या भागात कित्येक अपंग बांधवांना पहिल्यांदा स्वतःचे दुकान आणि बाजारपेठेत मानाची खुर्ची मिळाली. ही गोष्ट फोनच्या इतिहासात क्वचितच कोणी नोंदवतो. रात्री उशिरा दर पाव होत, म्हणून रात्री रांग लागे. मुंबईत भंगारात, हैदराबादेत बेकरीत, आखातात गाडीवर असलेल्या मुलांचे बाप त्या रांगेत उभे असत. काचेच्या खोपटात बोलणाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे, हा नियम कोणी लिहून लावला नव्हता. आत लाल आकडे पळत असत आणि बोलणाऱ्याचे डोळे त्या आकड्यांवर. आदाब इथेच आखूड झाले. मीटर पळत असताना अलकाब कोण लावणार?

३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलून देशातला पहिला मोबाईल संवाद केला. त्या काळात मिनिटाला सोळा रुपयांच्या आसपास दर होता आणि फोन करणारा तर पैसे देईच, घेणाराही देई. शिष्टाचाराच्या दृष्टीने हे फार मोलाचे होते, असे आज मागे वळून पाहता वाटते. दुसऱ्याच्या मोबाईलवर फोन करणे म्हणजे त्याच्या खिशात हात घालणे होते. त्यामुळे कारण असल्याशिवाय कोणी करत नसे, केला तर थोडक्यात करी, आणि आधी माफी मागे.

ऑक्टोबर २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाईल सेवा आली, डिसेंबरात रिलायन्सची, आणि पुढच्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपये भरून हातात फोन देण्याची योजना काढली. त्याच वर्षी, १ मे २००३ पासून, येणारे कॉल फुकट झाले. मोबाईलच्या इतिहासात सहसा यंत्रे मोजतात, रंगीत पडदा कधी आला, कॅमेरा कधी आला. आमच्या मते माणसांच्या वागण्यावर या एका तारखेइतका परिणाम कोणत्याही यंत्राने केलेला नाही. घेणाऱ्याचा खर्च संपला आणि त्याबरोबर करणाऱ्याचा संकोच संपला. आता फक्त करणाऱ्याचे पैसे जात होते, म्हणून त्याने त्यातूनही वाट काढली, ती मिस्ड कॉलची. एक घंटी म्हणजे पोहोचलो. दोन म्हणजे फाट्यावर घ्यायला या. लेकीची एक घंटी म्हणजे अब्बा, तुम्ही लावा. गरिबाने दरपत्रकाच्या फटीतून काढलेली ही भाषा होती. तिचेही नियम होते. धाकट्याने मोठ्याला मिस्ड कॉल देणे बेअदबी समजली जाई. नवऱ्या मुलाकडच्यांना तर मुळीच द्यायचा नाही. नोकरीवाल्याने मजुराला दिला तर तो कंजूस. बिलोली-देगलूरच्या सीमेवर आणखी एक पेच असे. तिथे फोन कधी पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडे आणि घरात बसल्या बसल्या रोमिंगचा भुर्दंड बसे. त्यामुळे पाहुणे फोन घेण्याआधी उठून अंगणात विशिष्ट जागी जाऊन उभे राहत. ते पाहुणचाराला विटले, असा गैरसमज नव्या सुनांचा होई.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, बोलणे जवळपास फुकट झाले आणि मिस्ड कॉलची ती सगळी भाषा दोन-तीन वर्षांत मेली. तिच्याबरोबर तिचे नियमही गेले. मग सुरू झाले ते स्पीकरवर बोलणे. एसटीत एका माणसाच्या घरातले भांडण पन्नास माणसे ऐकत जातात. मुंबईत बेस्टला २०२३ मध्ये बसमध्ये मोठ्याने फोनवर बोलण्यावर आणि हेडफोनशिवाय व्हिडिओ पाहण्यावर बंदी घालावी लागली, म्हणजे हा प्रश्न खेड्याच्या अडाणीपणाचा नाही.

आता ज्या अदबीची आम्हाला खरी चुटपुट लागते तिच्याकडे येऊ. ती फोनपेक्षा फार जुनी आहे. कुरआनातील सूरह अन्-नूरमध्ये असा हुकूम आहे की दुसऱ्याच्या घरात, घरच्यांची परवानगी घेतल्याशिवाय आणि त्यांना सलाम केल्याशिवाय जाऊ नये, आणि परत जा म्हटले तर राग न मानता परत जावे. याला इस्तिज़ान म्हणतात, इजाजत मागणे. हदीसमध्ये तिची हद्दही सांगितली आहे. तीनदा विचारावे, उत्तर नाही आले तर परतावे. हजरत अबू मूसा अश्अरी हे हजरत उमर यांच्या दारातून तीनदा इजाजत मागून परत गेले. खलिफांनी जाब विचारला तेव्हा त्यांनी हा नियम सांगितला आणि उमर यांनी त्याला साक्षीदार मागितला. साक्ष मिळाल्यावर खलिफाही गप्प झाले. राज्यकर्त्याच्या दारावरही चौथी थाप नाही आणि राज्यकर्त्याला त्यात अपमान वाटायचे कारण नाही. त्याच सूरहमध्ये पुढे तीन वेळा सांगितल्या आहेत, फजरच्या आधी, दुपारी कपडे उतरवून पडण्याच्या वेळी आणि इशाच्या नंतर. या वेळी घरातल्या नोकरांनी आणि लहान मुलांनीसुद्धा विचारल्याशिवाय आत येऊ नये.

हे सगळे दाराविषयी आहे, फोनचा काय संबंध, असे कोणी विचारील. तो संबंध आम्ही जोडलेला नाही. देवबंदमध्ये जन्मलेले आणि १९४८ मध्ये कराचीला गेलेले मुफ्ती मुहंमद शफी यांनी आपल्या 'मआरिफुल कुरआन' या तफसीरमध्ये याच आयतींच्या विवेचनात टेलिफोनचा विषय घेतला आहे. ते १९७६ मध्ये वारले, म्हणजे हा विचार तारेने भिंतीला बांधलेल्या फोनच्या काळातला. झोपेच्या, नमाजच्या किंवा कामाच्या वेळी गरजेशिवाय कोणाला फोन करणे हे विनापरवानगी घरात शिरण्यासारखेच आहे. वारंवार बोलावे लागत असेल तर वेळ ठरवून घ्यावी. लांब बोलायचे असेल तर आधी फुरसत आहे का विचारावे. आणि ज्याला फोन येतो त्यानेही घंटी वाजत ठेवून दुर्लक्ष करू नये, कारण भेटायला आलेल्याचा आपल्यावर हक्क असतो. असे त्यांचे म्हणणे. मजा अशी की ज्या काळात त्यांनी हे लिहिले त्या काळात फोनला उंबरा होता. फोन दिवाणखान्यात असे आणि माणूस झोपायच्या खोलीत. आज फोन उशीखाली आहे. घंटी वाजली की माणूस थेट बिछान्यापाशी येऊन उभा राहतो. तीन घंट्यांचा नियम पाळायचा तो आज, आणि आज चारदा नाही उचलला तर दहादा लावतात, मग व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा दिसल्या म्हणून भांडतात.

आणखी एक हदीस फोनवाल्यांनी कानाला बांधून ठेवावी अशी आहे. हजरत जाबिर यांनी रसूलुल्लाहांच्या दारावर थाप दिली, आतून विचारणा झाली, कोण? त्यांनी म्हटले, मी. हे मी, मी म्हणणे हुजुरांना आवडले नाही. आमच्याकडे अनोळखी नंबरवरून फोन येतो आणि पलीकडचा म्हणतो, मी बोलायलोय, वळखलं का? नाही ओळखले म्हटले की रुसवा. दखनीत हाच संवाद अजून लांबतो. कौन? मैं. मैं कौन? अरे मैं, पैछाने नै क्या?

फोनवर पहिला शब्द कोणता असावा, हाही वाद जुना आहे. टेलिफोनचे जनक ग्रॅहम बेल यांना अहॉय हा शब्द पसंत होता. एडिसनने १८७७ मध्ये हॅलो सुचवला आणि तो टिकला. आमच्याकडे हॅलोचे हालो झाले आणि तो एक उपयुक्त शब्द ठरला, कारण त्याला धर्म नव्हता, जात नव्हती, वय नव्हते. पलीकडे कोण आहे हे माहीत नसताना दार किलकिले करून पाहावे तसा तो शब्द. समोरचा बोलला की मग सलाम, रामराम, जय भीम, जे योग्य ते. मोबाईलने ही गंमत घालवली. आता नाव आधीच दिसते, त्यामुळे उचलण्यापूर्वीच अभिवादन ठरते. एका अर्थी हे बरेच झाले, मामूंना पहिला शब्द सलामचाच मिळतो. पण दुसरी बाजूही आम्ही पाहतो आहोत. भरलेल्या एसटीत, कचेरीच्या रांगेत, पुण्याच्या लोकलमध्ये आपली मुले फोन उचलताना अस्सलामु अलैकुम हळू आवाजात म्हणतात, किंवा घरचा फोन असला तरी नुसते हां बोलो म्हणतात. कोणी त्यांना मनाई केलेली नाही. आजूबाजूचे चेहरे वळतील एवढे त्यांना ठाऊक आहे. ओट्यावरची मंडळी म्हणतात, पोरे सलाम विसरली. काही विसरली असतील, काहींनी तो खिशात ठेवला आहे.

१ ऑक्टोबर २०२२ रोजी महाराष्ट्र शासनाने आदेश काढून शासकीय कर्मचाऱ्यांनी फोनवर हॅलोऐवजी वंदे मातरम् म्हणावे असे सुचवले. हॅलो हे पाश्चात्त्य अनुकरण आहे, असा त्यामागचा युक्तिवाद. सक्ती नव्हती, पण न म्हणणारा कोण हे लक्षात राहण्याची सोय त्यात होती, आणि काही मुस्लिम संघटनांनी तेव्हाच हरकत घेतली. आम्हाला त्या वादाच्या दोन्ही टोकांत शिरायचे नाही. एवढेच वाटते की हॅलो हा शब्द परका होता म्हणूनच तो सर्वांच्या उपयोगाचा होता. पाटलांचा रामराम मौलवीसाहेब हसून घेत आणि मौलवीसाहेबांचा सलाम पाटील, कारण दोघांपैकी कोणालाही तो शासनाने सांगितलेला नव्हता.

बायकांच्या बाजूने पाहिले तर सगळा हिशेब बदलतो. मर्दान्यातल्या फोनचे वर्णन वर केलेच आहे. मोबाईलने पहिल्यांदा आई आणि सासरी गेलेली लेक यांच्यामध्ये कोणी उभे राहिले नाही. दुपारी कामे उरकल्यावर दोघी बोलतात, अर्धा अर्धा तास. घरातले पुरुष याला टाइमपास म्हणतात. कित्येक घरांत तिच्या फोनचा कुलूपशब्द नवऱ्याला माहीत असतो, त्याचा तिला नसतो. भाऊ बहिणीचा फोन चाळतो आणि ही आपली जबाबदारी समजतो. इजाजतीचा नियम नजरेखातर घालून दिला आहे, असा अर्थ हदीसमध्ये स्पष्ट आहे. दाराच्या फटीतून डोकावणाऱ्याबद्दल तो सांगितला गेला. दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकावणे हे दाराच्या फटीतून डोकावणेच आहे, मग डोकावणारा शोहर असो की भाऊ. अदब गेली म्हणणाऱ्या ओट्यावर हा विषय निघाल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

आणि याच फोनवरून तलाकही दिले गेले. एसएमएसवर, नंतर व्हॉट्सॲपवर. हमीद दलवाईंच्या पुढाकाराने १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांनी मोर्चा काढला तेव्हा तोंडी तलाकविरुद्धची मागणी हे धाडस होते. त्या वेळी निदान तोंड समोर लागे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी एका दमातला तिहेरी तलाक अवैध ठरवला, आणि २०१९ च्या कायद्यात बोलून, लिहून किंवा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून दिलेला असा तलाक रद्दबातल, असे शब्द घालावे लागले. त्या कायद्यातल्या तुरुंगवासाच्या तरतुदीबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि ते राहतील. पण घरात शिरताना तीनदा विचारायला सांगणाऱ्या दीनचे नाव घेऊन, न विचारता, एका संदेशात बाईला घराबाहेर काढणारे आपल्यातलेच होते. कायद्यात इलेक्ट्रॉनिक हा शब्द त्यांच्यामुळे आला.

मशिदीत मोबाईलने आणलेला गोंधळ त्या मानाने किरकोळ. पहिली काही वर्षे जमातीत सिनेमाची गाणी वाजली, तेव्हा शरमेने माणूस सजद्यातून लवकर उठत नसे. मग लोकांनी रिंगटोनला आयती आणि अजान लावल्या, तर उलेमांनी समजावले की आयत अर्ध्यावर तोडून फोन उचलणे, किंवा ती नको त्या जागी वाजणे, ही वेगळीच बेअदबी. आता इमामसाहेब सफा सरळ करा म्हणताना मोबाईल बंद करा हेही म्हणतात आणि तो जणू इकामतचाच भाग झाला आहे.

गाव आणि गावातले शेजार यांच्यात फोनने जे केले ते किरकोळ नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या, फोनवरून पसरलेल्या अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांचा जमावाने जीव घेतला. ज्या दारात ते पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागत आले तिथे त्यांना ओळखणारे कोणी उरले नव्हते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात मोबाईलच्या स्टेटसवरून दगडफेक झाली आणि इंटरनेट बंद करावे लागले. त्यानंतर आमच्याकडच्या आया मुलगा कॉलेजला निघाला की डबा घेतला का विचारतात आणि त्याच दमात स्टेटसला काय ठेवलंस तेही विचारतात. पूर्वी बाजारात कोणाशी वाद घालू नकोस म्हणत, तसेच हे. फरक एवढा की बाजारात समोरचा दिसत होता. सकाळी ज्या गटात कोणी तरी मुसलमानांवर काहीबाही पाठवतो त्याच गटात दुपारी तोच माणूस आपल्या मुलाच्या बारशाचे आमंत्रण पाठवतो, आणि आपण जातोही. गल्लीत समोरासमोर त्याने ते कधीच म्हटले नसते. बोलण्याआधी समोरच्याचा चेहरा पाहावा लागणे हाच मोठा लगाम होता, आणि फोनवर चेहरा लागत नाही.

दावतीचे स्वरूप बदलले. रुक्का घेऊन दारोदार जाण्याऐवजी त्याचा फोटो येतो, खाली लिहिलेले असते की यालाच समक्ष आमंत्रण समजावे. जुनी माणसे तसे समजत नाहीत आणि जात नाहीत. पुरसा मात्र अजून फोनवर चालत नाही. मयतीची बातमी मशिदीच्या भोंग्याआधी फोनवर पोहोचते, गटात इन्ना लिल्लाहच्या रांगा लागतात, पण तेवढ्याने पुरसा झाला असे कोणी मानत नाही. हैदराबादहून, निजामाबादहून माणसे गाडी करून येतात, दारात बसतात, काही बोलत नाहीत आणि जातात. २०२० च्या टाळेबंदीत तेवढे तुटले होते. त्या वर्षी फोनवरूनच रडणे झाले.

तेव्हापासून एक गोष्ट रुळली. मुलगा रियाधला किंवा दोह्याला असतो, विमान मिळेपर्यंत मय्यत ठेवता येत नाही. मग कबरस्तानात कोणी तरी पुतण्या फोन उंच धरून उभा राहतो आणि तिकडून तो बापाला माती पडताना पाहतो. सुरुवातीला मौलवीसाहेबांसह पुष्कळांनी नाराजी दाखवली. मय्यतीचा चेहरा कॅमेऱ्यासमोर आणणे त्यांना पटत नव्हते, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य होते. आता कोणी हटकत नाही, फक्त चेहरा झाकल्यावरच फोन काढायचा असे ठरले आहे. आमच्याकडे बायका कबरस्तानात जात नाहीत. पुतण्या तो फोन धरतो तेव्हा घरी आतल्या खोलीत त्या एकाच पडद्याभोवती दाटीने बसलेल्या असतात, आणि रियाधचा मुलगा, नायगावची आई आणि कबरीवर वाकलेली माणसे एकाच चौकटीत येतात. तेवढा वेळ बाकीच्या सगळ्यांचे फोन बंद असतात.